गाडी कोण धरणार?

जुन्या मोटरसायकलींची शर्यत ही खरं तर जुन्या माणसांची शर्यत असते. मोटरसायकली आपल्या निमित्ताला. हे मला शर्यतीच्या दिवशी कळलं. तोवर मी ती मोटरसायकलींचीच समजत होतो, आणि त्या समजुतीपायी माझी चांगली धडधाकट, चालती-बोलती, दोन माणसांना बसता येणारी गाडी मी स्वतःच्या हातांनी अशा अवस्थेला आणली होती की तिला साधं उभंही राहता येत नव्हतं.

बायको मुलीकडे गेली होती. मुलीला बाळ झालं. बाळ झालं की आजी लागते, आजोबा लागत नाहीत, हे सगळ्यांनी इतक्या सहज गृहीत धरलं की मीही धरून टाकलं. जाताना ती म्हणाली होती, बाळ जरा सावरलं की येते. पण बाळं सावरत नसतात. त्याला दात यायला लागले, म्हणून ती राहिली. दात आल्यावर ते चावायला लागलं, म्हणून राहिली. मग मुलीची रजा संपली. दर वेळी ती फोनवर विचारायची, "अहो, आणखी थोडे दिवस राहू का?" आणि दर वेळी मी म्हणायचो, "राहा की. इथे सगळं ठीक आहे." मी विमा कंपनीच्या दावे खात्यात काम करतो. आमच्या खात्यातल्या माणसाला नुकसान मान्य करायची सवय नसते.

सगळं ठीक होतंही. फ्रिज सुरू झाला की दचकायला व्हायचं आणि बंद झाला की करमायचं नाही, एवढंच. सोमवार ते शनिवार ऑफिस सांभाळून घेत असे. रविवार मात्र मोठा अवघड वार आहे. तो सकाळी सुरू होतो, दुपारी थांबतो, आणि संध्याकाळ झाली तरी दुपारच असतो. मी एका रविवारी कपाटातली सगळी कुलपं आणि किल्ल्या काढून कुठली कुठल्याला लागते ते बघितलं. पुढच्या रविवारी पुन्हा बघितलं. तिसऱ्या रविवारी मी पार्किंगमध्ये जाऊन जुन्या मोटरसायकलवरची ताडपत्री काढली.

गाडी माझ्या तरुणपणची. एका सिलिंडरची, काळी, पेट्रोलच्या टाकीला गुडघे टेकायला दोन्ही बाजूंना रबर. ती घेऊन मी मेकॅनिककडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. म्हणजे आधी तो स्वतःच म्हणायचा, मग लोकांनी वाद घालायचं सोडून दिलं. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी दुरुस्तीला येत नाही, दाखल होते.

डॉक्टरने गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीला कान लावला (टाकी रिकामी होती), आणि म्हणाला, "साहेब, हिला फिरवू नका."

"का? काय झालंय?"

"काही झालेलं नाही, तेच सांगतोय. ही फिरवायची गाडी नाही, पळवायची आहे. जुन्या गाड्यांचं मंडळ शर्यत घेतं. शहराबाहेर, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर. तुमच्यासारखेच असतात सगळे."

"माझ्यासारखे म्हणजे?"

"रविवार मोकळा असलेले," डॉक्टर म्हणाला.

त्याचं बाकीचं ज्ञान कसंही असो, हे निदान अचूक होतं.

त्यानंतर त्याने मला त्याचा एकमेव सिद्धांत सांगितला. "वजन, साहेब! वजन हा रोग आहे. इंजिनाची ताकद वाढवायला पैसा लागतो. वजन कमी करायला काय लागतं? फक्त पाना. जे जे नको ते काढून टाका." इंजिन त्याने ठेवून घेतलं. कार्ब्युरेटर मोठा बसवायचा, हेडवर काम करायचं वगैरे पुष्कळ बोलला. मी दावे खात्यात असल्यासारखी मान हलवली, म्हणजे काही न कळता आणि काही कबूल न करता. उरलेली गाडी मी पार्किंगमध्ये आणली आणि नको ते काढायला बसलो.

आमच्या बिल्डिंगचे चेअरमन बँकेत होते. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना बँकवालेच म्हणतात, आणि ते अजूनही समोरच्या माणसाकडे काउंटरपलीकडून बघितल्यासारखंच बघतात. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर सूचना लागली : 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.' मी बँकवाल्यांना गाठलं.

"ही सूचना मला लागू होत नाही."

"का बरं?"

"मी दुरुस्ती करत नाहीये. चांगली गाडी मोडतोय."

बँकवाल्यांनी बराच वेळ विचार केला. त्यांच्या नियमावलीत मोडण्याबद्दल काही नव्हतं. "मग आवाज न करता मोडा," ते म्हणाले.

मी आवाज न करता मोडली. पहिल्यांदा हॉर्न काढला, मग दिवे, मग मडगार्ड. आरसे काढले, कारण शर्यतीत मागे बघायचं नसतं. मग मागची सीट काढली. शर्यतीच्या गाडीला एकच सीट असते, बुटकी, मागे कुबड असलेली. त्या रात्री बायकोचा फोन आला तेव्हा मी मोठ्या उत्साहात प्रगती सांगितली.

"आज मागची सीट काढली."

ती म्हणाली, "म्हणजे माझी?"

"मागची. अगं, केवढी जड असते ती! खाली लोखंडी पत्रा, वर स्प्रिंगा. उगाच वर्षानुवर्षं ओझं वाहत होतो."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवलात का?" आणि मग बाळ रडायला लागलं म्हणून तिने फोन ठेवला. बाळ रडल्याचं मला काही ऐकू आलं नव्हतं, पण आमच्या फोनचा आवाज तसाही कमीच आहे.

सीट काढली त्याअर्थी कागदोपत्री नोंद बदलायला हवी, असं मंडळाचं म्हणणं पडलं. मी वाहन कार्यालयात गेलो. मला आजवर कुठल्याही सरकारी खिडकीने इतका खाजगी प्रश्न विचारला नव्हता.

"आसनक्षमता दोन आहे," खिडकीतला कारकून म्हणाला. "तुम्हाला एक करायचीय."

"हो."

"दुसरं माणूस कुठे गेलं?"

"म्हणजे?"

"नियमाप्रमाणे कारण लागतं. आसनक्षमता कमी का करताय?"

मी शर्यतीचं सांगितलं. तो म्हणाला, शर्यत हे कारण त्यांच्या यादीत नाही. यादीत मालवाहू पेटी बसवणं आहे, आणि इतर आहे. इतर म्हणजे काय ते सांगा. माझ्यामागे रांग होती. रांगेतल्या माणसांनी माना पुढे काढल्या होत्या. मी म्हणालो, "मागे बसणारं सध्या इथे नसतं."

"सध्या?" कारकुनाने पेन खाली ठेवलं. "तात्पुरतं की कायमचं?"

मी मागे रांगेकडे बघितलं.

"तात्पुरतं असेल तर नोंद बदलता येणार नाही, सीट परत लावा. कायमचं असेल तर बदलून देतो. काय लिहू?"

"काका, सांगा ना लवकर," मागून कुणीतरी म्हणालं.

"मी विचारून सांगतो," म्हणालो आणि खिडकीवरून बाजूला झालो. घरी येईपर्यंत मला हे कळत नव्हतं की असा प्रश्न विचारायचा कसा. सगळं ठीक असलेल्या माणसाला असा प्रश्न पडत नाही. शेवटी डॉक्टरनेच मंडळातल्या कुणालातरी सांगून गाडी नुसती 'प्रदर्शनीय' म्हणून दाखवली आणि ते प्रकरण मिटलं. म्हणजे कार्यालयापुरतं मिटलं.

पुढचा टप्पा भोकांचा होता. डॉक्टर म्हणाला, जे काढता येत नाही त्याला भोकं पाडा. ब्रेकचा लिव्हर, क्लचचा लिव्हर, चेनवरचा पत्रा, सगळ्यात एका रांगेत गोल भोकं. वजन कमी होतं आणि वारा आरपार जातो. मी ड्रिल मशीन आणलं. पण लिव्हर महागाचा, एकदम त्याच्यावर हात कसा चालवायचा? सरावाला काहीतरी हवं होतं. स्वयंपाकघरात उलथनं होतं. ते छान जमलं. मग डाव, मग सांडशी, मग जुन्या तव्याचा दांडा. आधी आमच्या घरात एकच झारा होता, आता सगळेच झारे झाले. आमटी वाढायला डाव घेतला की ती ताटात पडायच्या आत परत पातेल्यात गेलेली असे. पण मी एकट्याने खाणार, त्याला वाढायचं कशाला! पातेलंच पुढ्यात घेत असे. बायकोने व्हिडिओवर मागे टांगलेलं उलथनं पाहिलं आणि म्हणाली, "त्याला काय झालं?"

"हलकं केलं."

"उलथनं?"

"हो."

तिने बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "बघ, तुझे आजोबा." तेवढंच.

मग स्टँड आणि किक. शर्यतीआधीच्या तपासणीच्या नियमात होतं की स्टँड नको, वळणावर जमिनीला लागतो. मी साइड स्टँड कापला. मेन स्टँडही कापला. "किकही काढून टाका," डॉक्टर म्हणाला, "शर्यत धक्क्यावर सुरू होते. गिअर टाकायचा, क्लच दाबायचा, मागून एकाने धक्का मारायचा, धावत जाऊन उडी मारायची आणि क्लच सोडायचा."

"आणि स्टँडशिवाय गाडी उभी कशी करायची?"

"त्याचा वेगळा स्टँड येतो. मागच्या चाकाखाली सरकवायचा. दोन माणसं लागतात. एक गाडी धरायला, एक स्टँड सरकवायला."

"मी एकटाच असलो तर?"

"मग धरून उभं राहायचं," डॉक्टर म्हणाला.

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. गाडी जसजशी हलकी होत होती तसतशी तिला माणसं जास्त लागत होती. आधी ती एकटी उभी राहत होती, एकटी सुरू होत होती, आणि वर दोघांना नेत होती. आता ती एकट्यालाच नेणार होती, पण त्या एकट्याला निघायला मागे दुसरा आणि थांबायला शेजारी तिसरा लागणार होता. याला सुधारणा म्हणतात.

मंडळाने तर तो नियमच केला होता. प्रत्येक स्पर्धकासोबत एक सज्ञान मदतनीस हवाच. गाडी धरायला, धक्का मारायला, आणि दर फेरीला आकडा लिहिलेली फळी दाखवत कठड्याशी उभं राहायला. मदतनीस नसेल तर सुरुवातीच्या रेषेवर घेणार नाहीत. नाव आधी कळवायचं. मी बायकोचं नाव कळवलं. शर्यतीला अजून वेळ होता, तोवर ती येणारच होती. तिला विचारलं नाही. ये म्हणून सांगायचं म्हणजे इथे काहीतरी ठीक नाही असं कबूल करण्यासारखं झालं असतं, आणि इकडे तर मी पातेल्यातून मजेत जेवत होतो.

इंजिन बसवून झालं त्या संध्याकाळी मी गाडी बाहेर काढायचं ठरवलं. आमच्या पार्किंगमधून रस्त्यावर यायला एक चढ आहे. मी गाडी ढकलत अर्ध्या चढापर्यंत आलो आणि तिथे माझा दम संपला. वर जाववेना. मागे सोडावं तर खाली वळणावर बँकवाल्यांची नवी कोरी कार उभी. स्टँड नाही. मी पुढचा ब्रेक घट्ट दाबून उभा राहिलो. कुणीतरी येईल, धरेल, असा हिशेब केला.

आणि लोक आले, असं नाही की आले नाहीत. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या. "अरे वा, गाडी झाली का तयार! किती छान दिसतेय!" असं म्हणत त्यांनी एक पिशवी माझ्या हँडलला अडकवली आणि पर्समध्ये किल्ली शोधायला लागल्या. "तुम्ही आहातच ना इथे जरा?"

"आहे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात कुरिअरवाला आला. पहिल्या मजल्यावर कुणी दार उघडत नव्हतं. "काका, तुम्ही इथेच थांबणार दिसताय, त्यांना द्याल का?" म्हणत त्याने पार्सल टाकीवर ठेवलं, माझ्या एका हातात पेन दिलं, सही घेतली आणि गेला. मी एका हाताने ब्रेक दाबून, हनुवटीने पार्सल सावरत उभा. माझं एक प्रकारचं टेबल झालं होतं.

आणि खिशात फोन वाजायला लागला. बायकोचाच. तिच्या फोनची वेळ मला पाठ आहे. वाजून थांबला, परत वाजला.

"अय्या, तुमचा फोन!" वहिनी म्हणाल्या. "थांबा, मी घेते." त्यांनी माझ्या खिशातून फोन काढला, नाव बघितलं आणि बोलायलाच लागल्या. "अगं, मी बोलतेय! कशी आहेस? बाळ कसं आहे?... हो हो, इथेच उभे आहेत समोर. नाही, काही करत नाहीयेत, नुसते उभे आहेत. छान आहेत गं, वजन वाढलंय. गाडी गाडी चाललेलं असतं. खरं सांगू, अगदी मजेत आहेत. तू मुळीच काळजी करू नकोस, राहा हवं तितकं."

"वहिनी, जरा मला—"

"म्हणतायत राहा," वहिनींनी फोनमध्ये सांगितलं आणि ठेवून दिला. मग फोन परत माझ्या खिशात घातला, पिशवी हँडलवरून काढली आणि गेल्या.

शेवटी सुटका बँकवाल्यांनी केली. त्यांना कार बाहेर काढायची होती आणि चढावर मी होतो. त्यांनी आधी हॉर्न वाजवला. मग उतरले. मग चढ चढून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "हा सामायिक मार्ग आहे."

"मला कळतंय. मागून जरा लावता का हात?"

त्यांनी हात लावला. त्याला मदत म्हणता येणार नाही, वाहतूक सुरळीत करणं म्हणता येईल. वर रस्त्यावर पोचल्यावर मी श्वास घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढच्या रविवारी काय करताय?"

बँकवाले दचकले. "का? पाणी येणार नाही का?"

"तसं नाही. शर्यत आहे माझी. गाडी धरायला एक माणूस हवंय."

"मिसेस?"

"मिसेस... येतायत."

"मग झालं तर," बँकवाले म्हणाले आणि त्यांच्या गाडीकडे गेले.

त्या आठवड्यात बायकोने विचारलंच नाही, सांगितलं. "मुलगी म्हणतेय, सुट्टीपर्यंत राहा. मी राहतेय. वहिनींकडून कळलं, तुम्ही मजेत आहात." मी म्हणालो, "राहा की. इथे सगळं ठीक आहे." फोन ठेवल्यावर बराच वेळ मी हातात भोकं पाडलेला ब्रेकचा लिव्हर घेऊन बसलो होतो. भोकं अगदी सरळ रेषेत आली होती.

शर्यतीच्या सकाळी मी चामड्याचा सूट घातला. सूट डॉक्टरने जुना मिळवून दिला होता. त्याचा आधीचा मालक माझ्यापेक्षा बारीक आणि माझ्यापेक्षा आशावादी असावा. अशा सूटमध्ये एकाने शिरायचं असतं आणि दुसऱ्याने ओढायचं असतं. मी एकट्याने शिरलो आणि दाराच्या कडीला अडकवून ओढला. आत गेल्यावर लक्षात आलं, की कमरेतून वाकता येत नाही. टेम्पोत पुढच्या सीटवर मी फळीसारखा तिरका टेकून गेलो. धावपट्टीवर टेम्पोवाल्याने गाडी उतरवून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "साहेब, धरली ना?"

"धरली."

"मग मी निघतो." तो निघाला.

तिथली शोभा काय सांगू! नळ्या, पाने, तंबू, थर्मास, आणि प्रत्येक गाडीजवळ दोन-दोन, तीन-तीन माणसं. कुणाची बायको टाकी पुसतेय, कुणाचा भाऊ चेन ताणतोय. एका आजोबांच्या गाडीभोवती तर सबंध कुटुंब होतं, त्यांना गाडीपर्यंत पोचायला जागा मिळत नव्हती. मी माझी गाडी धरून रांगेत उभा होतो. तपासनीस आले, खाली वाकून सगळं बघितलं, लिव्हरवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "भोकं फार सुंदर पाडलीत." माझ्या या सगळ्या उद्योगात मिळालेलं हे एकमेव कौतुक. मी ते ऐकवायला आजूबाजूला बघितलं.

डॉक्टर दिसला. एका बिल्डरच्या तरण्याबांड पोराच्या गाडीला तो हवा भरत होता. मी हाक मारली. "डॉक्टर, जरा धक्का द्याल का सुरुवातीला?"

"साहेब, मी यांच्या नावावर आहे." तो खरोखर ओशाळला. "एका माणसाला एकच पेशंट, मंडळाचा नियम आहे. बाईसाहेब नाही आल्या?"

"येतायत," मी म्हणालो.

सुरुवातीच्या रेषेवर शिट्टीवाल्या बाई होत्या. त्यांनी यादीत बघून माझ्या बायकोचं नाव मोठ्याने वाचलं. त्या मोकळ्या धावपट्टीवर ते कुणीतरी इतक्या मोठ्याने घेतलं, की मी क्षणभर खरोखरच मागे वळून पाहिलं.

"कुठे आहेत?"

"येतायत."

"कुठपर्यंत आल्यात?"

मी रस्त्याकडे बघितलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "तुम्ही असे बाजूला गवतावर थांबा. त्या आल्या की सोडते. पण शर्यत सुरू झाली की मग नाही हं."

मी गवतावर थांबलो. शिट्टी वाजली. सगळ्यांनी सगळ्यांना ढकललं, गाड्या खोकल्या, पेटल्या, आणि धुराचा एक मोठा ढग धावपट्टीच्या टोकाकडे पळत गेला. मागे राहिलेली माणसं हात झटकत, हसत, ओरडत कठड्याकडे धावली. गवतावर मी एकटा उरलो, गाडी धरून.

फोन वाजला. मी एका हाताने काढला.

"अहो, आवाज कसला? कुठे आहात?" बायको.

"शर्यतीला."

"मग फोन कसा घेतलात? सुरू नाही झाली?"

"झाली. मी बाहेर आहे. मदतनीस लागतो, तो आलेला नाही."

"कोण येणार होता?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. तशी तयारी केली नव्हती. "तुझं नाव दिलं होतं."

"माझं?" ती म्हणाली. "मला न विचारता? आणि मला सांगितलंत कधी? रोज फोन करतेय मी. सीट काढली सांगितलंत, दिवे काढले सांगितलंत, उलथन्याला भोकं पाडलीत तेसुद्धा सांगितलंत. ये म्हणून एकदा तरी सांगितलंत?"

"तूही तर विचारायचीस, राहू का म्हणून."

"राहू का विचारत होते हो! राहा म्हणावं म्हणून कुणी विचारतं का?"

धुराचा ढग दुसऱ्या टोकाने परत येत होता.

"आता काय करताय तिथे?" तिने विचारलं.

"गाडी धरून उभा आहे."

"खाली ठेवा ना मग."

"स्टँड कापलाय."

"तर आडवी ठेवा! रंग गेला तर जाऊ दे. किती वेळ धरून ठेवणार आहात असं?"

मी गाडी आडवी ठेवायला लागलो. पण सूट कमरेत वाकेना, म्हणून गाडी अर्ध्यावर आली तेव्हा मीही तिच्याबरोबर गेलो, आणि दोघंही गवतावर आडवे झालो. फोन हातातच होता. पडल्या पडल्या मी आकाश बघत होतो आणि बरं वाटत होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

तेवढ्यात शिट्ट्या वाजल्या. प्रथमोपचारवाल्या दोघांनी लांबून पाहिलं असणार : चामडी सूटमधला एक माणूस आणि शेजारी पडलेली गाडी. ते स्ट्रेचर घेऊन तीरासारखे धावत आले.

"हलू नका, काका! कुठे लागलंय? मान हलवू नका!"

"काही नाही लागलेलं."

"सगळे असंच म्हणतात. फोन सोडा आधी!"

फोनमधून बायकोचा आवाज वर चढला होता. "अहो! काय झालं? कुठे लागलंय? कोण बोलतंय? अहो, बोला ना काहीतरी!"

एकाने माझं मनगट धरलं आणि नाडी बघायला लागला. दुसऱ्याने माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. मी फोन कानाशी नेला. सगळं ठीक आहे, हे वाक्य जिभेवर तयार होतं, नेहमीसारखं.

"काही लागलेलं नाही," मी म्हणालो. "नुसता पडलोय. तरी पण तू ये."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "गाडीचं तिकीट बघते उद्याचं." मग लगेच म्हणाली, "उद्याचं नाही मिळालं तर परवाचं बघते. फोन ठेवू नका."

नाडी बघणारा माझ्याकडे टक लावून पाहत होता. त्याने मनगट सोडलं नाही, पण आवाज खाली आणून म्हणाला, "बोला तुम्ही, काका. आम्हाला घाई नाही." त्याच्या सोबत्याने बॅटरी खिशात घातली, वाकून माझी गाडी उचलली, आणि ती ठेवायला जागा शोधत इकडेतिकडे पाहिलं. स्टँड नव्हता. मग तो ती हँडलला धरून तिथेच उभा राहिला.